चपलांपाशी कोण बसलंय?

अमृतराव गुरुजींनी मंजुश्रीला पहिल्यांदा पाहिलं, त्याआधी तिचा आवाज ऐकला. तोही जिन्याखालून.

ही जळकोटच्या शाळेतली गोष्ट. सहावीच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं म्हणून तो वर्ग माडीवर नेला होता. माडीवर सतरंज्या अंथरलेल्या असत, त्यामुळे चपला खाली जिन्यापाशीच काढायच्या असा नियम होता. नियम अर्थात गुरुजींनीच केलेला. त्या दिवशी भूगोलाचा तास चालू होता. "मांजरा नदीला कोणत्या नद्या मिळतात?" गुरुजींनी विचारलं. एकानं तेरणा सांगितली, दुसऱ्यानं तावरजा सांगितली, तिसऱ्यानं गोदावरी सांगितली आणि स्वतःचा कान पिळून घेतला. पुढची नावं कुणाला येईनात. पोरं छताकडं बघायला लागली. तेवढ्यात जिन्याच्या तळातून खणखणीत आवाज आला.

"घरणी, मन्याड अन् लेंडी!"

"कोण गं ते खाली?"

"मी मंजुश्री, गुरुजी. चपलांपाशी बसले."

गुरुजींनी कठड्यावरून वाकून पाहिलं. दोन वेण्या, कपाळाला विभूती, पोलिओनं वाळलेले दोन्ही पाय एका बाजूला घेतलेले आणि अंगाखाली पोतं. पोरगी मान वर करून बघत होती. तिच्याभोवती चाळीस पोरांच्या चपला नीट जोडीजोडीनं लावलेल्या होत्या. तिचं नाव पटावर होतं, रोज हजेरीही लागत होती. "मंजुश्री" म्हटलं की कुठून तरी "हजर" यायचं. गुरुजींना वाटायचं, पोरगी मागं दाराशी बसत असेल.

"शाब्बास," गुरुजी वरून म्हणाले आणि पुन्हा वर्गात गेले. तेव्हा त्यांना ते पुरेसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिची आई दानम्मा शाळेत आली. वर्ग खाली घेता येतो का, एवढंच तिनं विचारलं. गुरुजी म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." ते टाळाटाळ करणारे नव्हते. पण शाळेतल्या कुठल्याही गोष्टीला ते "दिवाळीनंतर बघू" म्हणत, आणि दिवाळी झाली की "परीक्षेनंतर". दिवाळी झाली. शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले आणि पोरांच्या चपला एकमेकांत मिसळायला लागल्या. एकाची डावी दुसऱ्याच्या पायात जाऊ लागली, भांडणं होऊ लागली. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की मंजुश्री येत नाही.

पुढं मायलेकी जळकोट सोडून उदगीरला गेल्याचं गुरुजींच्या कानावर आलं. बस्स, एवढंच.

मध्ये बत्तीस वर्षं गेली. गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनीही उदगीरला घर केलं. गणपती नुकतेच उठले होते. सुनेनं, उज्वलानं, फॉल-पिकोला दोन साड्या दिल्या आणि बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता सांगितला. दुकान रस्त्याच्या पातळीवर होतं, पायरी नव्हती. बाहेर दोन जादा चाकं लावलेली स्कूटर उभी. आत मशिनवर चष्मा घातलेली एक बाई, मागं लाकडी पेटीवर एक म्हातारी पानाला चुना लावत बसलेली. मशिनवरच्या बाईनं साड्या घेतल्या. ग्राहकाच्या तोंडाकडं न बघता तिनं त्याच्या पायांकडं बघितलं.

"गुरुजी, डावी टाच अजून बाहेरूनच झिजवून राहिलात की!"

गुरुजींना काही कळेना. कुणी डॉक्टरीण असावी असं त्यांना क्षणभर वाटलं.

"घरणी, मन्याड अन् लेंडी," ती म्हणाली.

मग ओळख पटली. गुरुजी स्टुलावर बसले. चहा आला, दुसऱ्यांदाही आला. मंजुश्रीची बोलण्याची गाडी एकदा सुरू झाली की तिला मशिनसारखा हातानं थांबवायचा खटका नव्हता. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाहेरून दहावी केली, मग बारावी. मग नांदेडच्या एका संस्थेत घरून बी.ए.ला नाव घातलं. सगळे पेपर निघाले. एक राहिलं होतं, प्रकल्प परीक्षकांसमोर मांडायचा होता. नोंदणीची मुदत आठ वर्षांची, त्यातली सात संपलेली. येत्या मार्चात झालं नाही तर आधीचे पेपरही बाद होणार होते आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

"मग अडलंय कुठं?"

"तिसऱ्या मजल्यावर. लातूरचं केंद्र तिथं हाय. लिफ्ट न्हाई. मागं एकदा गेलते तर दोघांनी खुर्चीसकट उचललं मला. वर जाईस्तोवर सगळ्या जिन्यानं बघून घेतलं. मी काय उरुसातला संदल हाय का, डोक्यावर घेऊन मिरवायला? तशीच खाली आणा म्हणलं. आता कुणी उचलायचं न्हाई मला."

यंदा मात्र संस्थेनं नवीन सोय केली होती. कॉम्प्युटरमध्येच एक अख्खं आवार उभं केलं होतं. फाटक, झाडं, वाचनालय, सभागृह, सगळं होतं. आपल्या नावानं आत शिरलं की आपली एक आकृती मिळते. ती आपण चालवायची, वर्गात न्यायची, तिच्या तोंडून बोलायचं. दर गुरुवारी चार वाजता तास, आणि मार्चात परीक्षाही तिथंच. विद्यार्थ्याला एक मदतनीस सोबत नेता येई, पण परीक्षेच्या दिवशी त्यानं आपली आकृती आपल्या घरून चालवायची आणि सभागृहाच्या पायथ्याशी थांबायचं. परीक्षेला नाव पुकारल्यावर दहा मिनिटांत सभागृहात पोचायचं.

"मदतनीस तुम्ही व्हा," मंजुश्री म्हणाली.

"मी? अगं, मला मोबाईलवर आलेला फोटो पुढं पाठवता येत नाही."

"म्हणून तर. तुम्हाला जमलं तर मला जमणारच."

गुरुजींनी चष्मा पुसला. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "बरं, दिवाळीनंतर बघू."

मशिन थांबलं. पानाला चुना लावणारा दानम्माचा हातही थांबला.

"मागल्या बारीला बी तुम्ही हेच म्हणालतात," मंजुश्री म्हणाली. सुरात राग नव्हता. हिशेबाला सुताचं रीळ कमी भरलं तर कसं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

त्याच संध्याकाळी गुरुजींनी उज्वलाचा लॅपटॉप मागितला.

आवारात शिरण्याआधी पडद्यावर सूचना आली, 'आपला अवतार तयार करा.' गुरुजी दुकानात स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, मंजुश्रीचा मशिनच्या फळीवर होता. दानम्मानं लेकीच्या लॅपटॉपला आधी विभूतीचं बोट लावलं आणि मग सूचना वाचून दाखवायला लावली.

"अवतार?" ती म्हणाली. "अन् आता काय कमी अवतार हाय तुझा? केसाला फणी लाव आधी."

गुरुजींनी घाईघाईत 'पुढे, पुढे' दाबलं आणि फसले. त्यांच्या वाट्याला आला तंग जीन्स घातलेला, डोळ्यावर केसांची झुलपं आलेला, एका कानात बाळी असलेला तरुण. तो काही केल्या बदलेना.

"गुरुजी, लई जवान दिसून राहिलात," मंजुश्री म्हणाली.

"हे बदलायचं कुठून?"

"असू द्या की. शाळंत असताना केस वाढवले म्हणून तुम्ही किती जणांना घरी पाठवलं, आठवतंय का? आता भोगा."

मंजुश्रीनं साडी वीस मिनिटांत निवडली. चपला निवडायला तिला दोन दिवस लागले. कोल्हापुरी घालून बघितली, उंच टाचेची घालून बघितली, सोनेरी बक्कलची घालून बघितली. दर वेळी आकृती मागंपुढं फिरवून पाय बघायची. गुरुजींचा धीर सुटला.

"अगं, परीक्षक काय पाय बघणार आहेत?"

"परीक्षक न्हाई. मी बघणार."

गुरुजी त्यावर बोलणार होते, पण त्यांची नजर मशिनखाली गेली. तिथं तिच्या पायात अपंगांच्या शिबिरात मिळालेले, पट्ट्या आणि लोखंडी सळ्या लावलेले काळे बूट होते. चप्पल त्या पायात कधी टिकलीच नसती. चाळीस पोरांच्या चपला ओळखणाऱ्या या बाईनं स्वतःसाठी चप्पल कधी घेतली नव्हती. गुरुजी म्हणाले, "ती लाल पट्ट्याची बघ बरं." आणि लाल पट्ट्याची, अंगठ्याची साधी चप्पल ठरली.

पहिल्या गुरुवारी फाटकापाशी शिल्पा मॅडम भेटल्या. नांदेडहून तास घेणाऱ्या याच बाई. आवाज गोड, बोलणं घाईचं. त्यांनी दोघांना सगळं समजावलं. चाकाची खुर्ची हवी असली तर यादीत आहे. पायऱ्या नको असल्या तर 'थेट सभागृहात' असं बटण आहे, दाबलं की माणूस आत. शिवाय इथं उडताही येतं.

"एकदम उडायला नका लावू, मॅडम," मंजुश्री म्हणाली. "आधी चालू तर द्या. खुर्ची नको, चाकं बाहेर हायत की माझी. अन् ते थेटचं बटण बी नको. ते उचलून नेल्यासारखंच झालं."

सभागृह एकवीस पायऱ्यांवर होतं. ज्यांनी हे आवार रचलं, त्यांना पाहिजे तसं जग रचायची मुभा होती. तरी सभागृह म्हटल्यावर त्यांना पायऱ्याच सुचल्या. मंजुश्रीनं पायथ्याशी आकृती थांबवली आणि विचारलं, "गुरुजी, चपला कशा काढायच्या?"

"इथं कशाला काढायच्या? इथं कुठं सतरंजी आहे?"

"वर्गात चाललेय न मी? चप्पल घालून गेले तर तुम्हीच छडी काढाल."

चपला काढण्याची हौस तिला घालण्याहूनही जास्त होती. खटपट करून तिनं 'काढा' शोधलं आणि दाबलं. ते 'सगळे काढा' निघालं. साडी गेली, केस गेले, आणि पायथ्याशी नुकता चुना लावलेल्या पुतळ्यासारखी एक पांढरीफटक आकृती उभी राहिली. लाजण्यासारखं तसं काहीच नव्हतं, नाकडोळेही नव्हते. पण दानम्मानं "शिव शिव!" म्हणत पदर लॅपटॉपवर टाकला. गुरुजी पंख्याकडं बघायला लागले.

"तुम्ही वर बघून राहिलात," मंजुश्री पदराखालून आकृतीला साडी नेसवता नेसवता म्हणाली, "पण तुमचा तो बाळीवाला तिथंच उभा राहून टक लावून बघतोय, त्याला न्या की आधी लांब!"

चपला काढणं दुसऱ्या दिवशी जमलं. पायऱ्या मात्र जमेनात. आकृती दोन पायऱ्या चढे, थांबे, कलंडे आणि शेजारच्या फुलझाडांत जाऊन पडे. आठवडाभर हेच चाललं. गुरुजी म्हणत, वरचा बाण दाब. ती म्हणे, दाबतेय की. शेवटी एका दुपारी तिनं हात खाली घेतले.

"गुरुजी, एक विचारू? हसायचं न्हाई. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय ठेवतात का एकेक?"

 सत्तर वर्षं गुरुजी जिने चढत होते आणि त्यांना सांगता येईना.

"करून दाखवा," ती म्हणाली.

दुकानाला लागूनच एक जिना होता, वर दातांचा दवाखाना. मंजुश्री कुबड्या घेऊन दाराशी येऊन बसली आणि गुरुजी चढले. गुडघे धरत उतरले.

"पुन्हा. नजर कुठं असती तुमची? खाली का वर?"

गुरुजी पुन्हा चढले. "समोर. वरच्या पायरीकडं."

"अन् हात?"

"कठड्याला. हे वयामुळं."

"तरण्यापणी कसं चढायचात, तसं चढा."

तिसऱ्या वेळी दवाखान्यातून कंपाउंडर खाली डोकावला. "गुरुजी, दाताचं काय?"

"दाताचं नाही," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "शिकवणी चालू आहे."

पण चौथ्यांदा चढताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती त्यांनी वरूनच ओरडून सांगितली. "मंजुश्री, मी मधे थांबत नाही गं! एकदा पाय टाकला की पायऱ्या वेगळ्या राहतच नाहीत!"

मंजुश्री आत गेली. इतके दिवस ती एका पायरीला एकदा बाण दाबत होती, शिवणीतला टाका मोजावा तसा. आता तिनं बाण दाबला तो सोडलाच नाही. आकृती डुलत डुलत निघाली आणि थेट वर जाऊन दारात उभी राहिली.

 मंजुश्रीनं आकृती मागं वळवली आणि खाली बघितलं. पायथ्याशी लाल पट्ट्याची जोडी दिसत होती.

"वरून चपला लई बारक्या दिसतात की," ती म्हणाली.

गुरुजी जिन्यावरून येऊन नुकते स्टुलावर टेकले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तहान भागल्यावरही बराच वेळ पाणी पीत राहिले.

पुढं दर गुरुवारी हा नेम झाला. मंजुश्री पायथ्याशी चपला काढी, खाली ठेवी आणि वर जाई. गुरुजींचा बाळीवाला मदतनीस पायथ्याशी उभा राही. वर्गात भोकरचा भागवत होता. त्याला ऐकू येत नसे. इतरांचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटे, ते तो वाचायचा आणि लिहून बोलायचा. त्यानं एकदा विचारलं, 'ताई, चपला का काढता?' मंजुश्रीनं लिहिलं, 'वर्ग आहे म्हणून.'  पुढच्या गुरुवारी लाल चपलेशेजारी भागवतचे बूट होते. महिन्याभरात पायथ्याशी चौदा जोड झाले. तास सुटला की मंजुश्री दोन मिनिटं मागं राहून ते ओळीनं लावी. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "अगं, राहू दे." ती म्हणाली, "डावी-उजवी झाली की भांडणं होतात. तुम्हाला ठाऊक न्हाई, तुम्ही वर असायचात."

परीक्षेचा दिवस उजाडला. मंजुश्रीचा प्रकल्प होता उदगीरच्या सार्वजनिक जागांच्या पायऱ्या. बँका, कचेऱ्या, दवाखाने, मंगल कार्यालयं अशी चौसष्ट ठिकाणं तिनं दोन वर्षं स्कूटरवरून फिरून पाहिली होती. नियमाप्रमाणं त्या दिवशी तिच्या खोलीत दुसरं कुणी नको होतं. दानम्मा बाहेर दुकानाच्या दारात जाऊन बसली आणि आलेल्या गिऱ्हाइकांना हातानंच परत पाठवू लागली. गुरुजी आपल्या घरी उज्वलाच्या लॅपटॉपसमोर. पडद्यावर मात्र दोघं शेजारी शेजारी चालत होते, साडीतली मंजुश्री आणि जीन्समधले गुरुजी.

नाव पुकारलं गेलं. वरच्या कोपऱ्यात दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं. दोघं पायथ्याशी चार मिनिटांतच पोचले. मंजुश्रीनं चपला काढल्या, खाली ठेवल्या. त्या पुन्हा पायात आल्या. तिनं पुन्हा काढल्या, पुन्हा आल्या. मग पडद्यावर अक्षरं उमटली, 'या जागेवर वस्तू ठेवण्यास मनाई आहे.'

नंतर कळलं ते असं. चौदा जोड चपला, त्यात एकानं छत्रीही ठेवलेली. त्यामुळे आवार जड होऊन अडखळायला लागलं होतं, म्हणून आदल्या रात्रीच कुणीतरी ही मनाई घातली होती. पण त्या घटकेला एवढंच दिसत होतं की चपला खाली राहत नाहीत आणि साडेपाच मिनिटं उरलीत.

"तशीच जा!" गुरुजी म्हणाले.

"चप्पल घालून?"

"घालून! मी सांगतोय, जा. नियम मीच केला होता, मीच मोडतो."

"तुमचा न्हाई आता तो," मंजुश्री म्हणाली. "माझा हाय."

"मग ते थेटचं बटण दाब!"

"न्हाई."

चार मिनिटं.  आठ वर्षांची मुदत, एवढे सगळे पेपर, चौसष्ट ठिकाणं, आणि ही बाई दोन पट्ट्यांच्या, खऱ्या नसलेल्या चपलेवर अडून बसलेली. गुरुजींना मनातून राग आला, आणि राग येता येता जळकोटचा जिना आठवला. चपला खाली ठेवून वर जाणाऱ्या पोरांना कधी फिकीर नसायची. कारण खाली कुणीतरी बसलेलं असायचं.

"मंजुश्री," ते म्हणाले, "जमिनीवर ठेवता येत नसतील, माणसाकडं देता येतात का बघ."

 मग गुरुजींसमोर चौकट उघडली, 'मंजुश्री आपल्याला एक वस्तू देऊ इच्छिते. स्वीकारायची?'

गुरुजींनी आयुष्यात कुठलंही बटण इतक्या तातडीनं दाबलं नव्हतं.

ती अनवाणी निघाली. एकवीस पायऱ्यांत कुठंही थांबली नाही. दारात पोचली तेव्हा घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद होते. आत जाताना तिनं मागं वळून खाली बघितलं. जीन्समधला तरुण हातात लाल चपला घेऊन पायथ्याशी उभा होता. गुरुजींनी खटपट करून 'बसा' शोधलं आणि त्याला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं.

त्या आवारात लांबचा आवाज बारीक ऐकू येतो, तशी मुद्दाम केलेली सोय आहे. गुरुजी लॅपटॉपला कान लावून बसले. वरून तुटक शब्द येत होते. आधी "शरणू शरणार्थी," मग थोडा गोंधळ, कारण पडद्यावर उमटलेलं बोलणं वाचणाऱ्या परीक्षकांना समोरची बाई कुठून तरी आश्रयाला आलेली वाटली. मंजुश्रीनं सांगितलं, "तसं न्हाई, आमच्यात नमस्काराला म्हणतात." मग हसणं. मग प्रकल्प. तहसील कचेरी अकरा, एक बँक सात, एक मंगल कार्यालय एकोणीस. गुरुजींना अर्धंमुर्धं कळत होतं. नीट ऐकू येत नाही म्हणून ते बसल्या जागी पुढं पुढं सरकत होते, जणू पायरीवरच बसले होते.

परीक्षकांत बसलेल्या शिल्पा मॅडमचा आवाज आला. "या सगळ्या ठिकाणी तुम्ही प्रत्यक्ष चढून गेलात?"

  उत्तर गुरुजींना माहीत होतं, जिभेवर होतं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"न्हाई मॅडम. खाली थांबून मोजल्या. वरून उतरणाऱ्या माणसाला विचारायची, किती पायऱ्या हायत. चौसष्ट ठिकाणी एकालाबी आकडा सांगता आला न्हाई. रोज चढणाऱ्यालाबी न्हाई."

"आणि सुरुवात कुठून केलीत?"

"जळकोटच्या आमच्या शाळेपासून. ती यादीत न्हाई, पण पहिल्यांदा तिथं मोजल्या. चौदा."

गुरुजी त्या शाळेत नऊ वर्षं होते. दिवसातून सहा वेळा तो जिना चढले-उतरले होते. चौदा. हे त्यांना आज कळत होतं.

"शाब्बास!" ते म्हणाले.

आपला माईक चालू आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. 

"खालून कोण बोललं?" शिल्पा मॅडमनी विचारलं.

"आमचे गुरुजी हायत, मॅडम," मंजुश्रीचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "चपलांपाशी बसलेत."

तिला शंभरपैकी एकसष्ट गुण पडले. गुरुजींच्या मते अडुसष्ट तरी पडायला हवे होते, आणि मदतनिसाच्या आवाजाबद्दल दोन कापले असावेत अशी त्यांना शंका आहे. ती त्यांनी उज्वलाला बऱ्याचदा बोलून दाखवली. पेढे घेऊन मंजुश्री स्वतः आली, दाराशी स्कूटर थांबवून तिनं हॉर्न वाजवला. गुरुजींच्या घराला तीन पायऱ्या आहेत, म्हणून पेढे गुरुजींनीच खाली येऊन घेतले. लाल चपला परत कशा द्यायच्या हे गुरुजींना अजून सापडलेलं नाही. मंजुश्री म्हणते, घाई न्हाई, दिवाळीनंतर बघू.

गुरुजींच्या घराच्या तिसऱ्या पायरीपासून रस्त्यापर्यंत आता सिमेंटचा उतार केला आहे. मंजुश्री सध्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तिचं फॉल-पिकोचं दुकान गुरुवारी साडेतीनला बंद होतं.